सम की खुडी? जैसलमेरच्या उंटस्वारीचा सविस्तर अभिप्राय

महाराष्ट्रातून राजस्थानला जाणाऱ्या बहुतेक सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत जैसलमेरच्या दिवसापुढे सोनार किल्ला, पटव्यांच्या हवेल्या, गडीसर तलाव आणि शेवटी ‘संध्याकाळी सम येथे उंटस्वारी’ अशी नोंद असते. या शेवटच्या नोंदीत आपण किती वेळ उंटावर बसणार, उंट कोणाचा असणार, दिलेल्या पैशांतले किती त्याच्या मालकाच्या हातात पडणार आणि मुळात ही स्वारी करावी की नाही, याविषयी मराठीत नीट लिहिलेले मला निघण्याआधी सापडले नाही, म्हणून हा अभिप्राय विस्ताराने लिहीत आहे. मी एकाच प्रवासात सम आणि खुडी या दोन्ही ठिकाणी उंटावर बसलो. वेळ असेल तर खुडी निवडावी आणि तिथेही रात्र वाळूत काढून सकाळी परतायची लांब सफारी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे प्रवाशाच्या सोयीची आहेत, तितकीच उंटाच्या भवितव्याशी निगडित आहेत.

सम जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. रस्ता उत्तम आहे आणि शेवटचे काही किलोमीटर दोन्ही बाजूंना तंबूंच्या छावण्या एकमेकींना लागून उभ्या आहेत. दुपारी चारच्या सुमारास गाड्यांची रांग लागते, छावणीतले कर्मचारी पाहुण्यांना टोळीटोळीने वाळूच्या कडेला नेतात आणि तिथे सजवलेले शेकडो उंट बसलेले असतात. स्वारी म्हणजे पहिल्या टेकडीच्या माथ्यापर्यंत जाऊन परत येणे. त्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. एका उंटावर दोन मोठी माणसे आणि मध्ये एखादे मूल बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. पुढचे गिऱ्हाईक खाली वाट पाहत असल्यामुळे परतताना उंट घाईने हाकला जातो आणि उतारावर बसणाऱ्याच्या कमरेला त्याचा हिसका चांगलाच जाणवतो. माझ्या वाट्याला आलेल्या उंटाच्या पाठीवर, खोगिराची लाकडी कड जिथे टेकते तिथे, तळहाताएवढी जागा केस जाऊन सोललेली होती आणि तिच्यावर नुसता फडक्याचा तुकडा टाकलेला होता. मी उंट बदलून मागितला आणि तो बदलून मिळाला, पण तोच जखमी उंट दहा मिनिटांत दुसऱ्या कुटुंबाला घेऊन निघालेला मला दिसला.

दराच्या बाबतीतही तिथे स्पष्टता नाही. छावणीच्या भाड्यात ‘उंटस्वारी समाविष्ट’ असे लिहिलेले असले, तरी ती कोणत्या टेकडीपर्यंत हे लिहिलेले नसते आणि उंटावर बसल्यावर ‘आतला पॉइंट’ दाखवण्यासाठी वेगळे पैसे मागितले जातात. उंटवाल्याशी बोलल्यावर लक्षात येते की, समाविष्ट स्वारीपैकी त्याला मिळणारा हिस्सा फार थोडा असतो, त्यामुळे तो या वरच्या पैशांवर आणि बक्षिसीवर अवलंबून असतो. त्याचा आग्रह त्रासदायक वाटतो खरा, पण त्याचे मूळ या व्यवहाराच्या रचनेत आहे. सूर्य मावळल्यावर छावण्यांमधून ध्वनिवर्धक सुरू होतात आणि जीपगाड्या वाळूच्या टेकड्यांवरून रात्री उशिरापर्यंत धावत राहतात.

असे असूनही सम पूर्णपणे टाळावे असे मी म्हणणार नाही. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले, गुडघ्याचे किंवा मणक्याचे दुखणे असलेली माणसे यांना पंधरा मिनिटांची स्वारी पुरेशी असते. समच्या टेकड्या खुडीपेक्षा उंच आणि मोकळ्या आहेत आणि सूर्यास्ताच्या वेळी तिथला वाळूचा विस्तार पाहण्यासारखा आहे. ज्यांना फक्त तेवढेच हवे आहे त्यांनी मुख्य थांब्यापासून थोडे पुढे जाऊन, उंट नीट पाहून, दर आणि अंतर आधी ठरवून बसावे. माघ पौर्णिमेच्या आसपास मरू महोत्सवाचे दिवस असतात आणि त्याचा शेवट समच्या वाळूत होतो. त्या दिवसांत गर्दी कमालीची असते, याची नोंद तारखा ठरवताना घ्यावी.

खुडी जैसलमेरच्या नैर्ऋत्येला ४५ ते ५० किलोमीटरवर आहे. हे मुळात राहते गाव आहे. मातीने लिंपलेल्या गोल झोपड्या, भिंतींवर पांढऱ्या रंगाचे मांडणे आणि घरामागेच वाळू, असा परिसर असल्यामुळे राहण्याची सोयही गावातल्या कुटुंबांकडे किंवा त्यांनी चालवलेल्या छोट्या अतिथिगृहांत होते. टेकड्या लहान आहेत आणि त्यांच्यावर झुडपे आहेत, म्हणून छायाचित्रात दिसणारी निखळ वाळू पाहायला जाणाऱ्याची इथे थोडी निराशा होऊ शकेल. मला मात्र ती झुडपेच महत्त्वाची वाटली, कारण उंट काय खातो आणि कशावर जगतो हे त्यांच्यामुळे दिसते.

आमची सफारी दुपारी साडेतीनच्या सुमारास निघाली. प्रत्येकाला स्वतंत्र उंट होता. निघण्यापूर्वी उंटवाल्यांनी खोगीर चढवले ते मी जवळून पाहिले आणि इच्छुकांनी तेवढ्यासाठी अर्धा तास आधी पोहोचावे असे सुचवीन. इथे खोगिराला पलाण म्हणतात. ती कुबडाच्या दोन्ही बाजूंना बसणारी लाकडी चौकट असते. तिच्याखाली जाड गादी घालतात, वरून पोटाखालून तंग आवळतात आणि मग रजया, तुकडे जोडून शिवलेल्या राल्या आणि पाण्याचे डबे असे सगळे सामान दोन्ही बाजूंना तोलून लावतात. बसायला घातलेल्या याच रजया रात्री अंथरूण-पांघरूण म्हणून वापरल्या जातात. आमच्या उंटवाल्यांनी, पन्नाशी ओलांडलेल्या एका शांत गृहस्थांनी, तंग आवळण्यापूर्वी गादीखाली हात घालून दोनदा सगळी पाठ चाचपली. गादीत अडकलेला भुरट गवताचा काटा राहिला तर दिवसभरात तिथे जखम होते, असे त्यांनी सांगितले. समला पाहिलेल्या सोललेल्या पाठीचा खुलासा मला या एका वाक्यात मिळाला.

उंट उठतो तेव्हा आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो आणि मग पुढचे पाय उठल्यावर मागे येतो. बसताना हाच क्रम उलटा असतो. उंटवाले ‘पीछे हुकम, पीछे’ असे ओरडत असतात, ते गांभीर्याने घ्यावे; उठताना मागे रेलून पलाणाचा पुढचा खुंट दोन्ही हातांनी घट्ट धरावा. चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकत्र उचलतो, म्हणून घोड्यासारखी उसळी न येता डावी-उजवीकडे झोल बसतो. पहिल्या अर्ध्या तासात कंबर ताठ ठेवण्याची धडपड सोडून अंग सैल सोडले की झोल सुखाचा वाटू लागतो. एक उणीव मात्र नोंदवली पाहिजे: पर्यटकांच्या पलाणांना बहुधा रिकीब नसते. पाय अधांतरी लोंबत राहिल्याने दीड तासानंतर मांड्या आतल्या बाजूने भरून येतात. मी मागितल्यावर त्यांनी दोरीचे फास करून दिले आणि पुढचा प्रवास सुसह्य झाला. सफारी चालवणाऱ्यांनी ही सोय मागण्याची वाट न पाहता सर्वांनाच दिली पाहिजे.

वाटेत खेजडी, केर, बोर, फोग, रुई आणि सेवण गवत लागते. खेजडी म्हणजे आपली शमी. उंट चालता चालता मान लांबवून तिचा शेंडा ओरबाडतो आणि काट्यांसकट चावतो. उंटवाले त्याला दोन-तीन घास घेऊ देतात आणि पुढे नेतात. मुक्कामी पोहोचल्यावर पलाणे उतरवून उंटांना गवारीचा वाळलेला भुसा दिला गेला आणि नंतर पुढचे दोन्ही पाय आखूड दोरीने बांधून रात्रभर चरायला सोडण्यात आले. असा बांधलेला उंट छोटी पावले टाकत चरू शकतो, पण पळून जाऊ शकत नाही. तरीही सकाळपर्यंत तो बराच दूर गेलेला असतो. उंटवाले उजाडताच वाळूतल्या पावलांवरून त्यांचा माग काढत गेले आणि नेमके आपापले उंट घेऊन आले. इतक्या उंटांच्या पावलांतून आपल्या उंटाचे पाऊल ओळखणे ही तिथे सर्वसाधारण गोष्ट समजली जाते; माग काढण्यात विशेष तरबेज असलेल्यांना ‘पागी’ म्हणतात आणि सीमेवर सैन्यालाही त्यांची मदत झालेली आहे.

जेवण चुलीवरचे आणि साधे होते: बाजरीची भाकरी, डाळ, केर-सांगरीची भाजी, लसणाची तिखट चटणी. भाकरी आपल्याकडच्यापेक्षा जाड असते आणि तिच्यावर तूप सढळ हाताने वाढले जाते. भाजी रुचकर होती, फक्त वाळूचे कण दाताखाली येणारच हे गृहीत धरावे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान एक आकड्यावर उतरते, तेव्हा रजया जाड असल्या तरी कानटोपी, पायमोजे आणि पातळ थर्मल कपडे स्वतःचे न्यावेत. स्वच्छतागृह नाही, हे कुटुंबासह जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घेतले पाहिजे. ज्यांना ते जमणार नाही त्यांनी सूर्यास्तापर्यंतची सफारी करून गावातल्या खोलीवर परतावे. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कागदी बशा गोळा करून परत नेण्याची शिस्त आमच्या गटात पाळली गेली, पण आधीच्या गटांचा कचरा मुक्कामाच्या जागी दिसत होता.

आता एक सावधगिरीची सूचना, जी मला एकाही सहल कंपनीच्या माहितीपत्रकात आढळली नाही. स्वारीसाठी वापरले जाणारे उंट बहुतेक नर असतात आणि नरांचा माजाचा काळ हिवाळ्यात, म्हणजे नेमका पर्यटनाच्या ऐन हंगामात येतो. माजावर आलेला उंट घशातून गुडगुड आवाज काढतो, तोंडाला फेस येतो, मऊ टाळूचा गुलाबी भाग फुगून तोंडाच्या एका बाजूने बाहेर लोंबतो आणि मानेच्या वरच्या टोकाला, कानांच्या मागे, काळपट द्रव पाझरतो. पर्यटक कुतूहलाने जवळ जाऊन छायाचित्र काढतात, हे धोक्याचे आहे. असा उंट चावू शकतो आणि त्याचा चावा गंभीर असतो. असा उंट दिला तर तो स्पष्टपणे नाकारावा. चांगला उंटवाला स्वतःच त्याला रांगेत सगळ्यात मागे, इतरांपासून अंतरावर ठेवतो किंवा घरी ठेवतो. बसण्यापूर्वी पाठ, नाकपुडीतली खुंटी आणि गुडघे पाहावेत. नाकातून रक्त किंवा पू दिसत असेल तर त्या उंटावर बसू नये.

सम आणि खुडीच्या दरम्यान, आणि जैसलमेर जिल्ह्यात सगळीकडेच, रस्त्याच्या कडेने उंटांचे कळप माणसाशिवाय फिरताना दिसतात. आमच्या गटातल्या जवळजवळ प्रत्येकाने हे जंगली उंट आहेत का असे विचारले. ते जंगली नाहीत. एका कुबडाचा उंट जगात कुठेही मूळ रानटी अवस्थेत उरलेला नाही. त्याचे रानटी पूर्वज फार पूर्वीच नामशेष झाले. थरमध्ये मोकळे दिसणारे हे कळप मुख्यतः माद्यांचे आणि त्यांच्या पिलांचे असतात. मालक त्यांना आठवडेच्या आठवडे मोकळे सोडतात, ते पाण्यासाठी ठरावीक विहिरींवर येतात आणि प्रत्येकाच्या अंगावर मालकाचा डाग असतो. आमच्या उंटवाल्यांनी एका सांडणीच्या, म्हणजे मादी उंटाच्या, मांडीवरची डागाची खूण दुरूनच दाखवून ती कोणत्या गावची आहे ते सांगितले. विदर्भातल्या वाचकांनी मेंढ्यांच्या कळपांबरोबर चालणारे कच्छी रबारींचे उंट पाहिले असतील. तेही असेच पिढ्यान्‌पिढ्या पाळलेले असतात. खऱ्या अर्थाने रानटी असलेला उंट दोन कुबडांचा आहे. तो फक्त मंगोलिया आणि चीनमधल्या गोबी-लोपनोर परिसरात, साधारण हजाराच्या आसपास संख्येने उरला आहे. लडाखच्या हुंदर गावी पर्यटकांना फिरवणारे दोन कुबडांचे उंट त्याच्यासारखे दिसतात, परंतु ते जुन्या व्यापारी मार्गावरच्या पाळीव उंटांचे वंशज आहेत.

मोकळ्या फिरणाऱ्या या कळपांना रानटी समजण्यात एक मोठा तोटा आहे. रानटी प्राणी आपोआप टिकून राहील असे आपण गृहीत धरतो, आणि हे उंट तर मालकाला ते परवडले तरच टिकणार आहेत. १९९२च्या पशुगणनेत देशात १० लाखांहून अधिक उंट होते. २०१२ मध्ये ते ४ लाखांवर आले आणि २०१९ मध्ये अडीच लाखांवर. राजस्थानातली संख्या २०१२ मधील ३ लाख २६ हजारांवरून २०१९ मध्ये २ लाख १३ हजारांवर घसरली. सात वर्षांत एक तृतीयांश उंट कमी होणे ही आकडेवारी मला त्या प्रवासातल्या कोणत्याही दृश्यापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी वाटते. नांगर आणि गाडा ट्रॅक्टरने घेतला, सामान आणि माणसे नेण्याचे काम जीप आणि मोटारसायकलने घेतले. इंदिरा गांधी कालव्याने पाणी आणले, त्याबरोबर चराऊ माळांची शेते झाली. आता सौर आणि पवन ऊर्जेचे प्रकल्प उरलेल्या माळांवर येत आहेत. जैसलमेर जिल्ह्यातल्या देगराय ओरणसारख्या, देवाच्या नावाने राखलेल्या चराऊ रानांमधून उच्चदाबाच्या वीजवाहिन्या गेल्या आहेत. त्याच वाहिन्यांवर आपटून माळढोक मरतात. सोलापूरच्या नान्नज अभयारण्यात ज्यांनी कधीकाळी माळढोक पाहिला असेल त्यांना हे वाचून वेदना होतील, कारण त्या पक्ष्याची शेवटची आशा आता याच भागात, ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात उरली आहे आणि समच्या टेकड्या त्याच उद्यानाला लागून आहेत. रात्रीच्या ध्वनिवर्धकांविषयी आणि जीपगाड्यांविषयीची माझी तक्रार या कारणाने अधिक तीव्र आहे.

२०१४ मध्ये राजस्थान सरकारने उंटाला राज्य पशूचा दर्जा दिला आणि २०१५ मध्ये उंटाची कत्तल आणि परराज्यात निर्यात रोखणारा कायदा केला. हेतू चांगला होता, याविषयी शंका नाही. परिणाम असा झाला की, पुष्करच्या जत्रेत येणारे बाहेरच्या राज्यांतले खरेदीदार थांबले आणि नर पिलाला, ज्याला तिकडे टोडियो म्हणतात, गिऱ्हाईक मिळेनासे झाले. सांडणी साधारण तेरा महिने गाभण राहते, एका वेळी एकच पिलू देते आणि दोन वितांमध्ये सुमारे दोन वर्षांचे अंतर असते. इतका काळ सांभाळून जन्मलेल्या नराला किंमत येत नसेल तर कळप ठेवण्याचे कारण उरत नाही, हे आमच्या उंटवाल्यांचे म्हणणे मला पटले. त्यांच्या लहानपणी घरी मोठा कळप होता, आता फक्त सफारीचे नर आहेत. तरुण नराला शिकवून चांगल्या भावात विकत घेणारा आज मुख्यतः सफारीचा व्यवसायच उरला आहे, असेही ते म्हणाले. मला उंटस्वारीचे समर्थन करावेसे वाटते ते या कारणासाठी. स्वारीवर सरसकट बहिष्कार घातला, तर जखमी पाठींबरोबर निरोगी पाठीही नाहीशा होतील. म्हणून निवड महत्त्वाची आहे: जिथे उंट मालकाचा स्वतःचा आहे, एका उंटावर एकच माणूस बसतो आणि पैसा मधल्या मध्ये झिरपत नाही, तिथे जावे.

याच थरच्या आणि सिंधच्या उंटांचे दुसरे टोक ऑस्ट्रेलियात पाहायला मिळते, आणि जैसलमेरला जाणाऱ्याने ते जाणून घेतले तर रस्त्यावरच्या त्या कळपांकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून मेलबर्नला नेण्यात आले. १८६६ मध्ये तिथले उद्योजक थॉमस एल्डर यांनी शंभराहून अधिक उंट कराचीहूनच मागवून दक्षिण ऑस्ट्रेलियात त्यांची पैदास सुरू केली. त्यानंतरच्या अर्धशतकात हजारो उंट आणि त्यांना हाकणारी माणसे समुद्रमार्गे तिकडे गेली. त्या माणसांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले, पण त्यांच्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि राजस्थानचेही लोक होते. तारायंत्राचे खांब, लोकर, खाणींचे सामान असे सगळे त्या उंटांनी वाहिले. १९२०च्या दशकात मालमोटारी आल्या आणि उंट मोकळे सोडण्यात आले. तिथे त्यांच्यावर हक्क सांगणारा कोणी नव्हता, त्यांना खाणारा मोठा शिकारी प्राणी नव्हता आणि चरायला अफाट प्रदेश होता. कळप साधारण दर नऊ वर्षांनी दुप्पट होत गेले. २००९ ते २०१३ या काळात सरकारी कार्यक्रमात सुमारे १ लाख ६० हजार उंट मारण्यात आले, तरीही सुमारे ३ लाख उरले असा अंदाज होता. २००९च्या अखेरीस डॉकर रिव्हर या वस्तीत पाण्यासाठी हजारो उंट शिरले, पाण्याच्या टाक्या आणि नळ तोडले गेले. जानेवारी २०२० मध्ये दुष्काळात दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी प्रदेशात सुमारे ५ हजार उंट हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारण्यात आले. तिथे लोकांचे पाणवठे आणि पवित्र झरे वाचवण्याचा प्रश्न होता, म्हणून त्या निर्णयावर इथून झटपट निकाल देणे मला योग्य वाटत नाही. परंतु आपल्याकडच्या थरमध्ये उंट झपाट्याने घटत आहेत आणि जिथे ते परके होते तिथे ते आवरेनासे झाले आहेत, ही वस्तुस्थिती उंटावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला वाटते.

सहलीत बिकानेर असेल तर शहराबाहेर जोरबीड येथील राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र जरूर पाहावे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत बिकानेरी, जैसलमेरी, कच्छी, मेवाडी अशा जाती शेजारी-शेजारी पाहता येतात. जैसलमेरी उंट सडपातळ, लांब पायांचा, लहान डोक्याचा असतो आणि स्वारीसाठी नावाजलेला आहे. बिकानेरी थोराड असतो आणि त्याच्या कपाळाशी खोलगट खाच दिसते. एवढे पाहून मग जैसलमेरला गेलात तर समोर आणलेल्या उंटाविषयी दोन शहाणे प्रश्न विचारता येतील आणि प्रश्न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला धड उंट दिला जातो, हा माझा अनुभव आहे. तिथे सांडणीचे दूध आणि त्याचे आइस्क्रीमही मिळते. दुधाला किंचित खारट चव असते; आइस्क्रीम मुलांना आवडेल.

आरक्षणाविषयी थोडे. जैसलमेर शहरातल्या हॉटेलातून सफारी घेतली तर हॉटेल, गाडी आणि छावणी या तिघांचे हिस्से जाऊन उंटवाल्याला उरते ते फार कमी. खुडीत थेट एखाद्या घरी फोन करून आरक्षण करता येते आणि शहरातून बस किंवा भाड्याची गाडी मिळते. बोलताना चार गोष्टी ठरवून घ्याव्यात: प्रत्यक्ष उंटावरचा वेळ किती, एका उंटावर किती जण, रिकीब मिळेल का, आणि उंटवाल्याची मजुरी दरात धरली आहे की नाही. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी हे दिवस थंडी आणि गर्दी या दोन्ही दृष्टींनी उत्तम आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळात खुडीतही जागा मिळणे कठीण जाते. सत्तर-ऐंशी किलोपेक्षा जास्त वजन असलेल्यांनी ते आधी सांगावे, म्हणजे थोराड उंट राखून ठेवला जातो. बक्षिसी द्यायची असेल तर ती मालकाकडे न देता ज्यांनी रात्री उठून उंट पाहिले आणि पहाटे त्यांचा माग काढला, त्यांच्याच हातात द्यावी.